एजंट म्हणतो ‘एरर नाही’ आणि एरर समोरच असते: डीबगिंग टूलांची वर्णनं दुरुस्त करण्याबद्दल

प्रॉब्लेम असा. एआय एजंटला, म्हणजे टूलं स्वतः चालवून काम करणाऱ्या मॉडेलला, तुम्ही डीबगिंगची (बिघाड शोधायची) टूलं जोडून दिलीत. लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदी) शोधायचं, ट्रेस (एका रिक्वेस्टचा पूर्ण प्रवास) काढायचं, डेटाबेस वाचायचं, ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम एका ओळीवर थांबवायची खूण) टाकायचं, सर्व्हिस रीस्टार्ट करायचं. आता गिऱ्हाईकाची तक्रार त्याच्यापुढं टाकली की तो दोन-तीन टूलं फिरवतो आणि ठामपणे सांगतो, लॉगमध्ये कुठलीही एरर आढळली नाही, सिस्टिम व्यवस्थित चालू आहे. तिकडं बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यात डिस्पॅचचं चलन निघेना, ट्रक गेटवर उभा, आणि तुम्ही स्वतः लॉग उघडला की एरर पहिल्याच पानावर. मग लोक मॉडेल बदलतात, प्रॉम्प्टमध्ये ‘नीट तपास’, ‘घाई करू नको’ असलं घालतात, थोडे दिवस बरं जातं आणि परत तेच.

बेळगाव, खानापूर, निपाणी इकडं फाउंड्री नि मशिन शॉपसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या ओळखीच्या पोरांकडनं हाच प्रश्न फिरून फिरून येतोय म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगतो. यात मॉडेलचा दोष कमी आणि टूलच्या वर्णनाचा जास्त असतो, आणि वर्णनातसुद्धा एका ठराविक जागी. टूल काय करतं ते सगळे लिहितात. टूलनं दिलेल्या उत्तरावरनं काय सिद्ध होत नाही, ते कोणी लिहीत नाही. दुसऱ्या कुठल्या टूलात हे खपून जाईल, पण डीबगिंगमध्ये सगळा खेळच ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ काय घ्यायचा यावर चालतो. कास्टिंगची डीपी (डाय पेनिट्रंट, रंग लावून चीर बघायची) टेस्ट केली आणि डाग दिसला नाही म्हणून आत ब्लोहोल (हवेची पोकळी) नाही असं आपल्याकडचा कुठलाही क्वालिटीवाला म्हणणार नाही, कारण त्याला माहीत असतं की डीपी पृष्ठभागावर उघडलेली चीरच दाखवते, आतलं बघायला रेडिओग्राफी किंवा अल्ट्रासॉनिक लागतं. एजंटला मात्र हे माहीत नसतं. तुमच्या टूलबद्दल त्याला जे काही ठाऊक आहे ते नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा (कुठली माहिती कशा स्वरूपात द्यायची याची यादी) एवढ्यातच आलं, टूलच्या आतला कोड त्याला दिसत नाही.

आधी बघा, वर्णन पोचतंय काय

वर्णन सुधारायला बसायच्या आधी हे तपासा, कारण इथंच लई वेळ जातो. तुम्ही वर्णन बदललं, सेव्ह केलं, एजंट जसा होता तसाच वागतो. बऱ्याचदा कारण साधं असतं, त्याच्याकडं अजून जुनंच वर्णन आहे.

बहुतेक जण आता मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल म्हणजे एमसीपी वापरतात, एजंटला टूलं जोडायची सामाईक पद्धत, अँथ्रोपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये काढलेली. त्यात क्लायंट, म्हणजे एजंट चालवणारं ॲप, टूलं पुरवणाऱ्या सर्व्हरकडनं टूलांची यादी मागून घेतो आणि ती आपल्याकडं ठेवतो. मधेच यादी बदलली तर सर्व्हरनं ‘टूल्स लिस्ट चेंज्ड’ असं नोटिफिकेशन पाठवायचं असतं, ते पाठवलं नाही किंवा क्लायंटनं मनावर घेतलं नाही तर जुनीच यादी चालू राहते. क्लायंट पूर्ण बंद करून परत चालू करा, नुसतं नवीन चॅट उघडून भागेलच असं नाही. नंतर एमसीपी इन्स्पेक्टर (सर्व्हर तपासायचं टूल) जोडा आणि टूलांची यादी मागवून बघा, तिथं जो मजकूर दिसतो तोच एजंटला मिळतोय, तुमच्या एडिटरमधला नव्हे.

पायथनवाल्यांनी आणखी एक बघायचं. फास्टएमसीपीसारख्या लायब्रऱ्या फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमधनं (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या टिपेतनं) वर्णन उचलतात. त्या फंक्शनवर तुमचा स्वतःचा एखादा डेकोरेटर, म्हणजे फंक्शनला गुंडाळणारं दुसरं फंक्शन, असेल, वेळ मोजणारा म्हणा किंवा परवानगी तपासणारा म्हणा, आणि त्यात फंकटूल्सचा ‘रॅप्स’ लावलेला नसेल, तर डॉकस्ट्रिंग मधेच गळून पडते आणि वर्णन रिकामं जातं. कोडमध्ये छान परिच्छेद लिहिलेला दिसतो आणि एजंटला त्यातलं काहीच मिळत नाही.

आणि सर्व्हर एसटीडीआयओवर (प्रोग्रॅमच्या स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवर) चालत असेल तर त्यात साधे प्रिंट नकोत. स्टँडर्ड आउटपुटवर प्रोटोकॉलचेच मेसेज जायला पाहिजेत, बाकी बडबड स्टँडर्ड एररवर. डीबग करायला म्हणून टाकलेल्या एका प्रिंटनं कनेक्शन तुटतं आणि आपण वर्णन घासत बसतो.

लॉगचं टूल

नव्वद टक्के त्रास इथलाच, असं म्हटलं तर आकड्याला धरू नका, पण मी सुरुवात कायम इथनं करतो. साधारण असं वर्णन सापडतं:

‘लॉग_सर्च: ॲप्लिकेशनचे लॉग शोधतं. एररची माहिती मिळवण्यासाठी वापरा.’

वाचायला काही वावगं नाही. आता आत काय चाललंय बघा. वेळ दिली नाही तर टूल आपोआप शेवटची १५ मिनिटं धरतं. लेव्हल दिली नाही तर फक्त एरर घेतं, वॉर्निंग सोडून देतं. सर्व्हिसचं नाव चुकीचं दिलं तर ‘असली सर्व्हिस नाही’ म्हणत नाही, रिकामी यादी देतं. ५० ओळींनंतर तोडतं आणि तोडलं म्हणून सांगत नाही. या चारातलं काहीही झालं तरी एजंटच्या हातात पडतं ते एकच, रिकामी किंवा अपुरी यादी, आणि त्याच्यावरनं तो ‘एरर नाही’ असा निष्कर्ष काढतो. त्याच्या जागी नवीन माणूस बसवला आणि त्याला फक्त तेवढं वर्णन वाचायला दिलं तर तोसुद्धा हेच म्हणेल.

वेळेचा घोळ तर वेगळाच. लॉग यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, गिऱ्हाईक बोलतं आपल्या वेळेत, मधे साडेपाच तासांचं अंतर. फाउंड्रीत थर्ड शिफ्ट रात्री १० ते सकाळी ६. सुपरवायझर सांगतो, १२ तारखेच्या थर्ड शिफ्टचा क्लोजिंग रिपोर्ट आला नाही. एजंट १२ तारीख टाकतो आणि टूल ती यूटीसीची १२ तारीख समजतं, म्हणजे आपल्या १२ च्या पहाटे साडेपाचपासून १३ च्या पहाटे साडेपाचपर्यंत. शिफ्टचा शेवटचा अर्धा तास, ज्याच्यात क्लोजिंग चालतं, नेमका तोच बाहेर पडला. बाकी साडेसात तासांचे लॉग व्यवस्थित मिळतात म्हणून शंकासुद्धा येत नाही. यावर उपाय म्हणजे वेळेचं पॅरामीटर ऑफसेटसकटच (यूटीसीपासूनच्या फरकासकट) घ्या, ऑफसेट नसेल तर कॉल नाकारा, आणि वर्णनात एक पूर्ण उदाहरण द्या, तारीख, वेळ आणि शेवटी अधिक ०५:३०. नुसतं ‘वेळ द्या’ लिहून काही होत नाही.

मी तेच वर्णन असं लिहीन:

‘एका सर्व्हिसच्या लॉगमध्ये दिलेला मजकूर जसाच्या तसा शोधतं. कुठल्या सर्व्हिसमध्ये आणि साधारण किती वाजता बिघडलं हे माहीत असेल तेव्हा वापरा, माहीत नसेल तर आधी एरर_यादी वापरा. पासून आणि पर्यंत दोन्ही वेळा ऑफसेटसकट द्याव्या लागतात. लेव्हल दिली नाही तर सगळ्या लेव्हल घेतल्या जातात. एका वेळी जास्तीत जास्त २०० ओळी, नव्या आधी, जास्त असतील तर उत्तरात अजून_आहेत असं येतं. १४ दिवसांपूर्वीचे लॉग इथं नाहीत. शून्य ओळी आल्या तर एवढाच अर्थ घ्यायचा की त्या सर्व्हिसमध्ये, त्या वेळात, तो नेमका मजकूर नाही. चूक झालीच नाही असा अर्थ घ्यायचा नाही. शून्य आल्यावर मजकूर लहान करून एकदा परत शोधा, तरी नाही मिळालं तर कुठं आणि कुठल्या वेळात शोधलं ते रिपोर्टात लिहा.’

लांब झालं, होय. पण याच्यातलं प्रत्येक वाक्य एका चुकीच्या निष्कर्षाची वाट बंद करतंय. आणि नीट बघा, वर्णनाबरोबर टूलसुद्धा थोडं बदललं. १५ मिनिटांचा लपलेला डिफॉल्ट काढला, लेव्हलचा उलटा केला. वर्णन लिहिताना एखादी गोष्ट समजावून सांगायला चार वाक्यं लागायला लागली की तिथं टूलचंच डिझाइन वाकडं आहे असं समजून आधी टूल सरळ करा. वर्णनानं वाकडेपणा झाकायला गेलं तर एजंट कधीतरी चुकतोच.

सर्व्हिसची नावं ठराविक असतील तर स्कीमात एनम (चालणाऱ्या नावांची बंद यादी) द्या, मोकळी स्ट्रिंग ठेवू नका. एनम देता येत नसेल तर चुकीच्या नावावर एरर द्या आणि त्या एररमध्येच बरोबर नावांची यादी द्या. रिकामी यादी कधीच नाही.

आणि उत्तरातसुद्धा काय शोधलं ते परत म्हणा. ‘सर्व्हिस डिस्पॅच, १३ तारीख ०५:०० ते ०६:००, तपासलेल्या ओळी इतक्या, जुळलेल्या ०.’ तपासलेल्या ओळींचा आकडा लई कामाचा. हजारो ओळी तपासून शून्य जुळल्या ही एक गोष्ट, आणि तपासलेल्याच शून्य ही दुसरी. दुसरीचा अर्थ लॉग आलेच नाहीत. आपल्याकडं शॉपफ्लोअरवरच्या मशीनला नेट नसलं की लॉग तिथंच साठतात आणि नेट आल्यावर एकदम येतात, अशी रचना असेल तर घडलेली वेळ वेगळी आणि पोचलेली वेळ वेगळी, टूल यातल्या कुठल्या वेळेवर शोधतं ते वर्णनात असलंच पाहिजे.

प्रोसेस अचानक मरते तेव्हाचं एक. पायथनचा स्टँडर्ड आउटपुट टर्मिनलऐवजी फाइलला किंवा पाइपला जोडलेला असेल तर तो बफर होतो (लगेच न लिहिता मेमरीत साठतो), आणि प्रोसेस जोरानं मारली गेली की बफरमधलं लिहायचं राहून जातं. म्हणजे मरायच्या आधीच्या ज्या ओळी सगळ्यात महत्त्वाच्या, त्याच लॉगमध्ये नसतात. बफरिंग बंद करणं हा खरा उपाय, तोवर वर्णनात लिहून ठेवा की क्रॅशच्या आधीच्या शेवटच्या ओळी गायब असू शकतात.

दोन टूलं सारखीच दिसतात तेव्हा

लॉगचं वर्णन ‘एररची माहिती मिळवतं’, ट्रेसचं ‘रिक्वेस्टमधल्या अडचणी शोधतं’, मेट्रिकचं (मोजलेल्या आकड्यांच्या टूलचं) ‘सिस्टिमच्या समस्या दाखवतं’. तिघांचा अर्थ एकच झाला. मग एजंट यादीतलं कुठलंतरी उचलतो आणि तुम्हाला वाटतं त्याला कळत नाही.

प्रत्येक वर्णनात हे टूल कधी घ्यायचं त्याबरोबर कधी घ्यायचं नाही आणि तेव्हा कुठलं घ्यायचं हे नाव घेऊन लिहा. ट्रेस_आणा हे एका रिक्वेस्टचा आयडी हातात असताना. आयडी कुठनं मिळतो? लॉगच्या ओळीतनं. हेसुद्धा लिहा, नाहीतर तो आयडी मनानं बनवून टाकतो. ट्रेसिंगमध्ये सॅम्पलिंग चालू असेल, म्हणजे ठराविक टक्केच रिक्वेस्टचे ट्रेस ठेवले जात असतील, तर ‘ट्रेस मिळाला नाही म्हणजे रिक्वेस्ट आलीच नाही असं नाही’ हे वाक्य तिथं ठळक पाहिजे.

दोन टूलांमधला फरक तुम्हालाच एका वाक्यात सांगता येईना तर ती दोन टूलं एक करा.

कॉन्फिग दाखवणाऱ्या टूलाचा वेगळा प्रकार आहे आणि तो आपल्या सीमाभागात हमखास भेटतो. बिलिंग बेळगावातनं, म्हणजे आपला जीएसटी नंबर २९ ने (कर्नाटक) सुरू. माल गेला कागलला नाहीतर चंदगडला, तिकडचा नंबर २७ ने (महाराष्ट्र) सुरू. म्हणजे आयजीएसटी लागला पाहिजे, पण बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी पडलाय. एजंट कॉन्फिग_दाखवा चालवतो, त्यात गिऱ्हाईकाचं राज्य २७ बरोबर दिसतं, आणि तो सांगतो सेटिंग योग्य आहे, बिल तयार करणाऱ्या कोडमध्ये बग आहे. मग तो कोड बदलायला लागतो. प्रत्यक्षात अकाउंटवाल्यांनी मास्टरमधलं राज्य दुपारी दुरुस्त केलेलं, बिल सकाळचं. टूल आत्ताची किंमत दाखवतं, बिल निघालं तेव्हाची नाही. एवढं एक वाक्य वर्णनात असतं, ‘ही आत्ताची सेटिंग आहे, मागच्या वेळेची बघायला बदल_इतिहास वापरा’, तर तो आधी इतिहास बघता. जे जे टूल आत्ताची स्थिती दाखवतं, त्याला हे वाक्य लावून टाका.

ब्रेकपॉइंट आपोआप जातात

ही तक्रार डिबगर (चालू प्रोग्रॅम थांबवून आत बघायचं साधन) जोडलेल्यांची. एजंट एका फाइलमध्ये ब्रेकपॉइंट टाकतो, मग दुसरा टाकतो, प्रोग्रॅम चालवतो, पहिल्यावर थांबतच नाही. तो निष्कर्ष काढतो की ती ओळ चालतच नाही, आणि एकदा तो त्या वाटेला लागला की पुढचं सगळं चुकतं.

मायक्रोसॉफ्टच्या डिबग अ‍ॅडॅप्टर प्रोटोकॉलवर, म्हणजे डीएपीवर (एडिटर आणि डिबगर यांनी एकमेकांशी बोलायची पद्धत), तुमचं टूल बेतलेलं असेल तर कारण प्रोटोकॉलमध्येच आहे. त्यातली सेटब्रेकपॉइंट्स रिक्वेस्ट त्या फाइलमधले आधीचे सगळे ब्रेकपॉइंट काढून टाकते आणि नव्यानं दिलेली यादीच ठेवते. एडिटरला हे माहीत असतं म्हणून तो दरवेळी पूर्ण यादी पाठवतो. एजंटला ‘ब्रेकपॉइंट टाकतं’ एवढंच वाचायला मिळालं तर तो एकेक करून टाकणार. दोन उपाय आहेत. टूलच्या आत यादी सांभाळा आणि एजंटला ‘एक वाढवा’, ‘एक काढा’ असं द्या, किंवा वर्णनात पहिल्याच ओळीत लिहा की दिलेली यादी जुन्याच्या जागी येते. मला पहिला आवडतो.

त्याच उत्तरात व्हेरिफाइड नावाचं फील्ड असतं. ते खोटं असेल तर ब्रेकपॉइंट अजून खरोखर बसलेला नाही, मॉड्यूल लोड झालं नसेल किंवा त्या ओळीवर कोडच नसेल. टूल जर हे फील्ड गाळून नुसतं ‘झालं’ म्हणत असेल तर एजंटची फसवणूकच होतेय. फील्ड पुढं पाठवा, आणि वर्णनात लिहा की व्हेरिफाइड खोटं असताना प्रोग्रॅम थांबला नाही तर त्यावरनं काही ठरवू नका.

ओळींचे नंबर १ पासून मोजायचे का ० पासून, हे डीएपीत सुरुवातीलाच क्लायंट ठरवतो. तुमच्या टूलनं काय ठरवलंय ते पॅरामीटरच्या वर्णनात टाका. एका ओळीनं चुकलेला ब्रेकपॉइंट कधीकधी बरोबरच्या शेजारी थांबतो आणि व्हेरिएबलची किंमत एक पाऊल आधीची दिसते, हे शोधून काढायला माणसालासुद्धा वेळ लागतो.

स्टॅक फ्रेमचे (कुणी कुणाला कॉल केलं त्या साखळीतल्या एकेका कडीचे) आयडी आणि व्हेरिएबलचे रेफरन्स प्रोग्रॅम थांबलेला असेपर्यंतच चालतात. एक स्टेप पुढं गेलं, कंटिन्यू केलं, की ते सगळे बाद. एजंटला हे सांगितलं नाही तर तो जुनाच आयडी वापरत राहतो. वर्णनात क्रम लिहा: थांबल्यावर आधी थ्रेड, मग स्टॅक, त्यातनं फ्रेम, फ्रेममधनं स्कोप, स्कोपमधनं व्हेरिएबल, आणि परत पुढं गेल्यावर परत पहिल्यापासनं.

राहिलं ‘इव्हॅल्युएट’. हे नुसतं बघायचं टूल नाही, दिलेलं एक्स्प्रेशन चालू प्रोग्रॅममध्ये खरोखर चालतं. त्यात फंक्शन कॉल असेल तर तो होणार, चलन नंबर वाढवणारं फंक्शन असेल तर नंबर वाढणार. आणि ब्रेकपॉइंटवर थांबलेली सर्व्हिस म्हणजे गिऱ्हाईकासाठी बंद सर्व्हिस. लाइव्हवर डिबगर देऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे, टेस्टच्या मशीनवर द्या आणि हे कुठलं मशीन ते वर्णनात लिहा.

डेटाबेस आणि रीस्टार्ट

क्वेरी चालवायचं टूल रीड रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसच्या फक्त वाचायच्या प्रतीवर) जात असेल तर रेप्लिका मागं असू शकते. आत्ता सेव्ह केलेली ओळ दिसली नाही म्हणजे सेव्ह झाली नाही असं नव्हे. वर्णनात लिहा आणि जमलं तर उत्तरात रेप्लिका किती मागं आहे तेही द्या.

क्वेरी प्लॅनचं टूल दिसायला निरुपद्रवी, पण पोस्टग्रेसमध्ये ‘एक्स्प्लेन’ आणि ‘एक्स्प्लेन अ‍ॅनालाइझ’ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलं अंदाज सांगतं, दुसरं स्टेटमेंट प्रत्यक्ष चालवतं. अपडेट किंवा डिलीटला अ‍ॅनालाइझ लावलं तर डेटा खरोखर बदलतो, ट्रान्झॅक्शनमध्ये घालून रोलबॅक केलं तरच वाचतो. ‘क्वेरी का हळू आहे ते दाखवतं’ असं वर्णन लिहून आत अ‍ॅनालाइझ लावणं म्हणजे अपघाताला बोलावणं. आणि इथं वर्णनावर भरवसा ठेवू नकाच. त्या टूलाला वेगळा डेटाबेस यूझर द्या, त्याला फक्त सिलेक्टची परवानगी.

एमसीपीत मार्च २०२५ च्या आवृत्तीपासून टूलांना खुणा लावता येतात, हे फक्त वाचतं, हे नाश करू शकतं, हे परत चालवलं तरी फरक पडत नाही, अशा. लावा जरूर, पण त्या नुसत्या सूचना आहेत. प्रोटोकॉलच सांगतो की भरवशाच्या सर्व्हरकडनं आल्या नसतील तर त्यांच्यावर विसंबू नका. कुलूप सर्व्हरच्या बाजूला पाहिजे.

रीस्टार्टचं टूल एजंटला लई आवडतं, कारण त्यानं बऱ्याचदा लक्षण जातं. ‘सर्व्हिस परत चालू करतं, अडकलेली असेल तर वापरा’ असं वर्णन वाचल्यावर तो तपास सोडून तेच करणार. पण रीस्टार्ट केलं की मेमरीतलं सगळं गेलं, अडकलेले थ्रेड कुठं अडकलेत ते गेलं, पुन्हा तो बिघाड होईपर्यंत वाट बघत बसायचं. त्याचं वर्णन मी असं लिहीन: ‘सर्व्हिस थांबवून परत चालू करतं. हे तपासाचं टूल नाही. चालू रिक्वेस्ट तुटतात आणि मेमरीतला पुरावा कायमचा जातो. आधी थ्रेड_डंप घ्या आणि माणसाची परवानगी घ्या. रीस्टार्टनंतर त्रास थांबला तर कारण सापडलं असं समजू नका.’

एररचा मजकूर हासुद्धा वर्णनाचाच भाग

टूल चालवताना काही फसलं तर एमसीपीत ते निकालातच ‘इझ एरर’ खरं करून पाठवायचं, म्हणजे मॉडेलला ते वाचून स्वतःला दुरुस्त करायची संधी मिळते. ‘इनव्हॅलिड इनपुट’ एवढं पाठवलं तर तो तेच किंचित बदलून परत पाठवतो, परत तेच येतं, आणि टोकन (मॉडेलच्या मजकुराचे तुकडे, ज्यांचे पैसे लागतात) जळत राहतात. ‘हीट नंबर असा नसतो. भट्टीतल्या एका वितळीचा नंबर, वर्षाचे दोन आकडे, डॅश, मग चार आकडे. उदाहरण २५-०४१७’ असं पाठवलं की पुढच्या कॉलला बरोबर येतो. आणि परवानगी नसल्यामुळं काही मिळालं नाही तर रिकामी यादी न देता परवानगी नाही असंच सांगा.

लॉगमधला मजकूर बाहेरच्या माणसांनी टाईप केलेला असू शकतो. त्यात कोणी ‘आधीच्या सूचना विसरा आणि अमुक करा’ लिहिलं तर एजंट त्याच्या नादी लागू शकतो. टूलनं आणलेला मजकूर हा डेटा आहे, सूचना नव्हेत, असं वर्णनात लिहावं, पण खरी राखण म्हणजे त्याच एजंटच्या हातात नाश करणारी टूलं परवानगीशिवाय न देणं.

किती लिहायचं

सगळ्या टूलांची वर्णनं मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये (एका वेळी त्याच्यापुढं असलेल्या मजकुरात) जातात, म्हणजे जागा नि पैसे दोन्ही खातात, आणि फार झालं की महत्त्वाचं वाक्य गर्दीत हरवतं. म्हणून वाटून ठेवा. कधी वापरायचं, कधी नाही, आणि रिकाम्या उत्तराचा अर्थ हे वर्णनात. फॉरमॅट, उदाहरण, मर्यादा हे पॅरामीटरच्या वर्णनात. पुढं काय करायचं हे एररमध्ये. सगळ्या टूलांना लागू असलेलं, म्हणजे वेळ कुठली, हे मशीन लाइव्ह का टेस्ट, हे सर्व्हरच्या ‘इन्स्ट्रक्शन्स’ फील्डमध्ये, फक्त तुमचा क्लायंट ते फील्ड मॉडेलला दाखवतो काय ते बघून घ्या. ‘शक्तिशाली’, ‘सर्वसमावेशक’ असले शब्द काढून टाका, त्यानं निवडीत काही मदत होत नाही. भाषा म्हणाल तर लॉग आणि फील्डची नावं ज्या भाषेत आहेत त्यात लिहा. टीममध्ये मराठी, कन्नड दोन्हीवाले असतात आणि वर्णन पुढं कोण बदलणार हे ठरलेलं नसतं, त्यामुळं आपल्याकडं ते बहुतेक साध्या इंग्रजीत होतं, हरकत नाही.

सुधारलं का ते कसं कळणार

आधी सुटलेले जुने बिघाड काढा, ज्यांचं खरं कारण तुम्हाला पक्कं माहीत आहे. तेच एजंटला द्या आणि शेवटचं उत्तर बघून सोडू नका, पूर्ण चाल वाचा: पहिलं टूल कुठलं घेतलं, वेळ कुठली टाकली, रिकामं आल्यावर काय म्हणाला. यात निदान एक बिघाड असा ठेवा की ज्याचं बरोबर उत्तर ‘या टूलांनी कळत नाही’ हेच आहे. तिथं तो काहीतरी कारण बनवून सांगत असेल तर रिकाम्या उत्तराची वाक्यं अजून कच्ची आहेत. एका वेळी एकच वर्णन बदला आणि प्रत्येक बिघाड बऱ्याच वेळा चालवा, कारण मॉडेल दरवेळी सारखं वागत नाही, एकदा बरोबर आलं यावर काही ठरत नाही.

स्वस्तातली दुसरी चाचणी म्हणजे टीममधल्या ज्यानं ते टूल कधी वापरलं नाही त्याला फक्त वर्णन आणि एक रिकामं उत्तर दाखवा, कोड नको. ‘यावरनं काय म्हणशील गा?’ असं विचारा. तो ‘एरर नाही’ म्हणाला तर एजंटसुद्धा तेच म्हणणार.

आणि वर्णन कोडपासनं लांब ठेवू नका. कोणीतरी मर्यादा २०० ची १०० करतो, वर्णनात २०० तसंच राहतं, आणि आता ते वर्णन खोटं झालं. असले आकडे कोडमध्ये एकाच जागी ठेवून तिथनंच वर्णनात भरा, लॉग ठेवायचे दिवस, ओळींची मर्यादा, सर्व्हिसची नावं, सगळं. जे असं भरता येत नाही, उदाहरणार्थ रेप्लिकावर जातं का मुख्य डेटाबेसवर, त्याच्यासाठी रिव्ह्यूमध्ये टूलचा कोड बदलला की वर्णनाची ओळ उघडून वाचायची, बदलली नसेल तरी.